एक गाडी, दोन आकडे
डायनो, म्हणजे गाडीची ताकद तपासणारं यंत्र, अश्वशक्ती थेट मोजत नाही, हिशेबाने काढतं. जडत्वाच्या डायनोवर गाडीची चाकं जड रोलर फिरवतात. रोलरचा वेग किती झपाट्याने वाढला, त्यावरून शक्ती ठरते. दुसऱ्या प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेक रोलरला अडवतो. तिथे आकडा बहुधा कमी दिसतो. टायरमधली हवा, गाडी बांधलेल्या पट्ट्यांचा ताण यांनीही फरक पडतो.

खरी गंमत मोजलेला आकडा ठरावीक हवामानाला जुळवणाऱ्या दुरुस्तीत आहे. ‘एसएई जे१३४९’ मानक २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरतं, तर जुनं ‘जे६०७’ सुमारे १५.५ अंश आणि हवेचा दाबही थोडा जास्त. थंड हवा दाट, त्यामुळे जुन्या मानकाने तीच गाडी कागदावर सुमारे ४ टक्के ताकदवान होते. फुशारकीसाठी कुठला आकडा निवडला जातो, हे सांगायला नको!