फ्लेक्सवर जमलेली माणसं

निगडीच्या टिळक चौकातून भक्ती-शक्ती चौकाकडे जाताना वाढदिवसाचा एखादा फ्लेक्स जरा थांबून वाचा. मधोमध कडक इस्त्रीतले भाऊ किंवा दादा, मागे डरकाळी फोडणारा वाघ, वरच्या पट्टीत पक्षश्रेष्ठी आणि तळाशी टपाल तिकिटांएवढे शुभेच्छुक. ही मंडळी एकत्र उभी राहिलेली नसतात. कुणाचा फोटो लग्नातला, कुणाचा व्हॉट्सॲपवरून आलेला. डिझायनर प्रत्येकाची मागची बाजू कापून टाकतो, चेहरे सारखे उजळतो आणि वेळ पडली तर दुसऱ्याच्याच धडावर मुंडकं बसवतो. कोण वर, कोण खाली, कोण किती मोठा, यावरून मात्र रुसवेफुगवे होतात. वॉर्डाचं राजकारण कळायला माझ्या मते याहून स्वस्त नकाशा नाही.

फोटो जोडण्याची कला जुनीच. ऑस्कर रेलँडर यांनी 1857 मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जुळवून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे एकच चित्र केलं. फोटोशॉपमध्ये 1994 साली ‘लेयर’ आले आणि हेच काम टेबलाशी बसून होऊ लागलं.

याच तंत्राने रस्त्यावरचं रोजचं आयुष्यही दाखवता येतं. डॅनिश छायाचित्रकार पीटर फुंक न्यूयॉर्कच्या एकाच कोपऱ्यावर अनेक दिवस कॅमेरा लावून उभे राहत. मग त्यातले फक्त जांभई देणारे किंवा फक्त पिवळसर पाकीट हातात असलेले लोक एका चौकटीत आणत. ‘बेबल टेल्स’ ही ती मालिका. त्यातला प्रत्येक माणूस खरा आहे, खोटं आहे ते त्यांचं एका क्षणी तिथे असणं. आपल्या मुंबईचे जितीश कल्लाट यांनी 2005 च्या ‘आर्टिस्ट मेकिंग लोकल कॉल’मध्ये वेगळी वाट धरली. रस्त्यावरच्या फोनपाशी ते स्वतः उभे आहेत. पण 360 अंशांचा फोटो टिपायला वेळ लागतो, तेवढ्यात सरकलेली वाहनं चित्रात वेडीवाकडी झाली आहेत.

निगडीत फुंक यांच्यासारखा प्रयोग करायला काय लागेल? तिपाई हलता कामा नये, एक्स्पोजर ऑटोवर नको आणि निवडलेल्या फोटोंत सावल्या एकाच दिशेला पडायला हव्यात. नाहीतर सकाळचा माणूस संध्याकाळच्या उन्हात उपरा दिसतो. बातमीच्या फोटोत ही जोडाजोड चालत नाही, कलाकृतीखाली ती सरळ लिहून टाकावी.

जागा म्हणून भक्ती-शक्ती चौकच घ्यावा. पण आषाढवारीत देहूहून आकुर्डीच्या मुक्कामाला निघालेली पालखी मी त्यात घेणार नाही, तिच्यावर त्या दिवशी हजारो मोबाइल रोखलेले असतातच. त्यापेक्षा साधा मंगळवार बरा: कंपनीच्या बसची वाट पाहणारे पहिल्या पाळीचे कामगार, त्याच फुटपाथवर दुपारी रिक्षा शोधणाऱ्या बायका आणि रात्रपाळीला निघालेली, डबा घेतलेली पोरं.