कॅडच्या यादीत नसलेले आटे: एम ४२ × ०.७५ ची फाइल कशी लिहायची

(भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे आटे. म्हणजे स्क्रूचे, झाकणाचे, नळाचे असतात ते आटे. फ्यूजनसारख्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये थ्रेडची कमांड घेतली की एक यादी उघडते. आपल्याला हवा तो आटा त्या यादीत नसेल तर काय करायचं, ते आज बघू.

उदाहरण घेतो दुर्बिणीचं, कारण पुण्यात या छंदाची माणसं पुष्कळ आहेत. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, आयुकात दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा झाल्या आहेत. मी राहतो महाळुंग्यात. मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीला लागून असलेलं महाळुंगे, चाकणजवळचं वेगळं. इथे टॉवरच्या दिव्यांत तारे फारसे दिसत नाहीत. दुर्बीण गाडीत घालून ताम्हिणीच्या बाजूला जावं लागतं. पावसाळा वजा केला तर वर्षाच्या अमावास्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. तिथे अंधारात कॅमेऱ्याचा अडॅप्टर बसला नाही, तर ती रात्र गेली. म्हणून हा अडॅप्टर घरीच नीट करून घ्यायचा.

दोन ‘बेचाळीस’

दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा आटा म्हणजे टी-थ्रेड. १९५७ साली एका जपानी लेन्स कंपनीने (आजची टॅमरॉन) तो आणला. बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर, पिच ०.७५. पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर.

गंमत अशी की जुन्या प्राक्टिका आणि पेंटॅक्स कॅमेऱ्यांच्या लेन्सचा आटाही ४२ मिलिमीटरचाच, पण पिच १. दोन्ही हातात घेतले तर नजरेला फरक कळत नाही. एकमेकांत फिरवायला गेलात तर पहिला फेरा छान बसतो. पण दर फेऱ्याला पाव मिलिमीटरचा फरक पडतो, दोन फेऱ्यांत अर्धा. मग अडतं. माणूस म्हणतो, ‘जरा घट्ट आहे, जोर लावू.’ आणि कॅमेऱ्याच्या तोंडाचे आटे जातात.

म्हणून आधी मोजा. व्हर्नियरने सलग चार पिचचं अंतर घ्या. ३ मिलिमीटर आलं तर पिच ०.७५, ४ आलं तर १. पिच गेज असेल तर उत्तमच.

बाहेरचा व्यास मोजताना एक लक्षात ठेवा: तो बरोबर ४२ येणार नाही. ६जी या नेहमीच्या टॉलरन्सला बाहेरचा आटा ४१.८४ ते ४१.९८ मध्ये कुठेही असू शकतो. ‘४१.९ आला’ म्हणून फाइलमध्ये मूळ माप ४१.९ लिहायचं नाही. मूळ माप ४२ च.

फाइलमध्ये काय असतं

एम ४२ मध्ये पिच १.५, २, ३ वगैरे प्रमाणित मालिकेत आहेत, ०.७५ नाही. आपल्याकडचं मेट्रिक आट्यांचं मानक आयएस ४२१८. ते आंतरराष्ट्रीय मालिकेलाच धरून आहे, त्यामुळे तिथेही हे जोडमाप शोधायला जाऊ नका. पण आट्याचा आकार तोच, ६० अंशांचा. म्हणजे सूत्रंही तीच:

• पिच व्यास = मूळ व्यास वजा ०.६४९५ गुणिले पिच. इथे ४१.५१३.
• आतल्या आट्याचा लहान व्यास = मूळ व्यास वजा १.०८२५ गुणिले पिच. इथे ४१.१८८.
• बाहेरच्या आट्याचा लहान व्यास = मूळ व्यास वजा १.२२६९ गुणिले पिच. इथे ४१.०८०.
• आट्याआधीचं भोक = मूळ व्यास वजा पिच. इथे ४१.२५.

फ्यूजनची यादी साध्या एक्सएमएल फाइलींतून येते. विंडोजवर त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये, कॉन्फिगरेशनच्या आत ‘थ्रेडडेटा’ नावाच्या फोल्डरात सापडतात. तिथली मेट्रिकची एक फाइल कॉपी करा. मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीत सगळ्यात वर दोन नावं असतात, ती दोन्ही बदला. एकक मिलिमीटर, कोन ६०. खाली साइझ ४२, त्यात पिच ०.७५, आणि त्याखाली बाहेरचा आणि आतला आटा असे दोन भाग. प्रत्येकात क्लास आणि तीन व्यास. आतल्या आट्याला भोकाचं माप जास्तीचं. सेव्ह करा, फ्यूजन बंद करून पुन्हा उघडा, यादीत तुमचं नाव दिसेल.

कोन मात्र गृहीत धरू नका. आपल्या घरातल्या नळाचा ‘अर्धा इंच’ आटा ५५ अंशांचा असतो, इंचाला १४ आटे, आणि बाहेरचा व्यास चक्क २०.९५५ मिलिमीटर. अर्धा इंच हे पाइपच्या आतल्या बाजूवरून पडलेलं नाव आहे.

प्रिंटरसाठी सैलपणा

थ्री-डी प्रिंटरवर नेमक्या मापाचा आटा काढला तर तो बसत नाही. प्लास्टिक थोडं फुगून येतं. बरेच जण मग अख्खा भाग १ टक्का लहान करतात. तसं केलं की पिचही १ टक्का बदलते, आणि बाकीची मापंही जातात. त्यापेक्षा सैलपणा फाइलमध्येच द्या. बाहेरच्या आट्याचे तिन्ही व्यास सारख्याच मापाने कमी करा, पिच तशीच ठेवा. ०.१, ०.२, ०.३ असे तीन क्लास करा, तीन फेऱ्यांच्या नुसत्या अंगठ्या छापून बघा, आणि बसेल तो पकडा.

मर्यादाही सांगतो. या आट्याची खोली एका बाजूला जेमतेम ०.४ मिलिमीटर. ०.३ चा सैलपणा दिलात तर त्यातले ०.१५ गेले. ०.२ च्या थरांत एका पिचमध्ये चार थरसुद्धा मावत नाहीत, म्हणून ०.१ चे थर घ्या. हलक्या वेबकॅमला हे चालेल. जड कॅमेरा लटकवायचा असेल तर ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर करून घ्या.

नाव नीट ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं आता. प्रिंटसाठी सैल केलेल्या फाइलचं नाव नुसतं ‘एम ४२ × ०.७५’ ठेवलंत, आणि तेच मॉडेल सहा महिन्यांनी पिरंगुटच्या किंवा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये गेलं तर? टर्नर मॉडेलमधली मापं बघून काम करेल. त्याची काही चूक नाही. तुकडा येईल ढिला, कॅमेरा किंचित झुकेल, आणि फोटोच्या एका कोपऱ्यातले तारे लांबट दिसतील. दोष मात्र तुम्ही लेन्समध्ये शोधत बसाल.

म्हणून नावातच लिहा: ‘टी-थ्रेड, फक्त प्रिंट, सैल ०.२’. खऱ्या मापांची फाइल वेगळी ठेवा. ड्रॉइंगवर व्यास, पिच, कोन आणि टॉलरन्स चारही शब्दांत लिहा. वर्कशॉपवाल्याकडे तुमची फाइल नसते. आकडे कुठून आले, सूत्राने की मोजून, तेही फाइलमध्ये टिपून ठेवा. मानक म्हणजे दुसऱ्या माणसाला न विचारता कळेल असं माप. आपण घरी केलेल्या मानकालाही तोच नियम लावायचा.

शेवटची सूचना. फ्यूजन अपडेट झालं की नवा फोल्डर तयार होतो आणि तुमची फाइल यादीतून गायब होते. मूळ प्रत स्वतःच्या फोल्डरात ठेवा, अपडेटनंतर पुन्हा टाका. ‘थ्रेडकीपर’ नावाचं एक फुकट ॲड-इन हे काम आपोआप करतं. इन्व्हेंटर वापरणाऱ्यांकडे हीच यादी एक्सेलच्या फाइलमध्ये असते, कल्पना तीच.

तुम्ही कुठल्या आट्यासाठी अडला आहात ते कळवा. मोजलेली पिच मात्र सोबत लिहा, नुसता व्यास पाठवू नका. भेटू पुढच्या भागात.