मुळांचा माग (लेखांक ६) : पणजीचं माहेर

राहुरी तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरात वंशावळ काढायला बसा. खापरपणजोबांपर्यंतची पुरुषांची नावं भराभर निघतात. मग विचारा, पणजी कुठली? माणसं एकमेकांकडे बघू लागतात. कुणी म्हणतं संगमनेरकडची, कुणी म्हणतं नदीपलीकडची. तिचं लग्नाआधीचं नाव विचारलं तर तेही कुणाला सांगता येत नाही, कारण मांडवात नाव बदललं गेलं आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याशीच राहिलं. आपल्याकडचा अनोळखी पूर्वज बहुतेक वेळा बाई असते. म्हणून या आठवड्यात तिचाच माग.

आधी सुरतेची एक बाई. तिचं नाव एलायझा केवार्क. राहुरी पुढे ज्या मुंबई इलाख्यात होती, त्याच इलाख्यातलं सुरत. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर फोर्ब्ज नावाचा कंपनीचा स्कॉटिश व्यापारी तिच्यासोबत राहत होता. १८१२ साली त्यांना कॅथरिन ही मुलगी झाली. मुलीला लहानपणीच स्कॉटलंडला पाठवलं, आई मागे सुरतेतच राहिली. फोर्ब्जच्या मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख त्याची घर सांभाळणारी बाई एवढाच. तिच्या पत्रांत आर्मेनियन लिपी सापडली आणि केवार्क हे नावही आर्मेनियन वळणाचं, म्हणून घराण्यात ती आर्मेनियन ठरली. हेच घराणं मुलीच्या मुलीकडून पुढे जात राजकुमारी डायनापर्यंत पोचतं.

२०१३ मध्ये डायनाच्या आईकडच्या दोन दूरच्या नातेवाइकांची लाळ तपासली गेली. तपासायचा होता तो मायटोकाँड्रियाचा डीएनए. तो अवघ्या १६,५६९ अक्षरांचा असतो आणि फक्त आईकडून मिळतो. मुलग्याला तो मिळतो, पण मुलगा तो पुढे देऊ शकत नाही. त्यामुळे एलायझापासून आजपर्यंत मधे एकही पुरुष न येता उतरलेली साखळी शोधावी लागली. निकालात आर३०बी ही दुर्मीळ शाखा निघाली. भारतीय उपखंडाबाहेर ती तोवर नोंदलेली नव्हती. म्हणजे एलायझाच्या आईच्या आईच्या बाजूचं मूळ इथलं. तिचे वडील आर्मेनियन असतीलही, त्याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. ही तपासणी एका व्यावसायिक कंपनीने केली आणि बातमी गाजवली, म्हणून तिच्यावर टीकाही झाली; ती टीका मला रास्त वाटते. पण एक गोष्ट उरतेच: मृत्युपत्राने घरकामाची बाई म्हणून आटोपलेल्या स्त्रीबद्दल तिच्या लेकींच्या शरीरांनी दोनशे वर्षांनी काहीतरी सांगितलं.

आता आपल्या कोकणाकडे. बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज. किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढचा सगळा समाज त्यांचा. २०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळं त्यात ठळक दिसली, आणि दोन्हींची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली. हा आकडा सरमिसळीचा काळ सांगतो, जहाज कधी आलं ते सांगत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. ज्यू वारसा बापाच्या बाजूने अधिक आला, भारतीय वारसा आईच्या बाजूने अधिक. सात जोडप्यांच्या गोष्टीत कोकणातल्या त्या आया कुठेच नाहीत. समाज उभा राहिला तो त्यांच्याही पोटी.

राहुरीतल्या घराने हे कसं वापरायचं? समजा, तुमच्या आजोबांच्या आईचा शोध घ्यायचा आहे. तुमची स्वतःची मायटोकाँड्रियाची चाचणी तिथे उपयोगाची नाही. ती तुमच्या आईची बाजू दाखवेल. आजोबांची बहीण कुठे दिली होती ते शोधा. तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी हयात असेल, तर पणजीचा तो डीएनए तिच्याकडे आहे. म्हणजे घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकींच्या दारात जावं लागतं, आणि वंशावळ काढताना आपण नेमक्या त्याच लेकी गाळलेल्या असतात. दुसरी चाचणी सर्व गुणसूत्रांची. तिच्यात पणजीचा वाटा सरासरी साडेबारा टक्के असतो आणि त्यावरून जिवंत नातलग सापडू शकतात. पण आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होत आली. अशा घरांत दोन माणसांचा सामाईक डीएनए वाढतो आणि दूरचं नातं जवळचं भासतं. शिवाय परदेशी कंपन्यांच्या साठ्यात मराठी माणसं फारच थोडी. अनोळखी चुलत बहीण पडद्यावर उगवेल या आशेवर पैसे खर्चू नयेत.

नाव आणि गाव मिळतं ते कागदातच. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलंच. त्या शोधाचा भर बापाच्या बाजूवर होता. बाईसाठी वेगळी कागदपत्रं चाळावी लागतात. जुन्या फेरफारात नवरा वारला की विधवेचं नाव वारस म्हणून चढतं. तिथे ‘कोम’ (म्हणजे अमक्याची बायको) या शब्दानंतर नवऱ्याचं नाव येतं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावंही लागू लागली, आणि पुष्कळदा लगोलग हक्कसोड पत्राने कमी झाली. जमीन सोडताना का होईना, बाईचं माहेरचं गाव आणि सासरचं गाव एकाच कागदावर आलं. माग काढणाऱ्याला याहून मोलाचा कागद क्वचितच मिळतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला आलेल्या बायकांची नावं मिळू शकतात. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आधी पाहाव्यात, तिथे आईचं नाव असतं.

याच तालुक्यातल्या ताहाराबादचे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) कुलकर्णी घराण्यातले. कुलकर्ण्याच्या दप्तरात सारा भरणाऱ्यांची नावं. त्यांच्या भक्तविजयात मात्र जनाबाई आणि कान्होपात्राही आहेत. तालुक्याच्या दप्तरांकडे पाहताना मला हे नेहमी आठवतं.

लाळेची नळी मागवण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसा. तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव, मामाचं गाव, माहेरचा देव, बाळंतपणाला कुठे गेली होती, हे सगळं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. चाचणी करायची ठरलीच तर ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांना आधी विचारा, कारण निकालातून न अपेक्षिलेला बाप किंवा भाऊही समोर येऊ शकतो. कंपनीचाही विचार हवा: ट्वेंटी-थ्री अँड मी या अमेरिकी कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपला डीएनए पुढे कुणाच्या ताब्यात जाईल, हे सही करण्याआधी विचारायचं असतं.

पुढच्या आठवड्यात मोडीतला एक फेरफार ओळीओळीने वाचू.