तापमानाप्रमाणे फिरणारा पंखा

आमचे गाव पेडणे तालुक्यातले. जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगाव रात्री दशावतारी नाटक हे ठरलेलेच. डिचोलीचे माझे मामा अशा जत्रांना लाऊडस्पीकर पुरवितात. लहानपणापासून त्यांच्या वायरी गुंडाळण्याचे काम माझ्याकडे असे. पुढे मी विज्ञान शाखेकडे वळलो, त्याचे निम्मे श्रेय त्या वायरींनाच द्यावे लागेल.

एका जत्रेत मध्यरात्र उलटली होती. राक्षसाने रंगमंचावर पाऊल ठेवले, पहिली आरोळी ठोकली आणि नेमका त्याच क्षणी ॲम्प्लिफायर मुका झाला. मृदंग ऐकू येत होता, पण संवाद मागच्या मंडळींपर्यंत पोहोचेनात. यंत्राला हात लावला तर चटका बसला. फार तापल्यामुळे त्याने आपले काम थांबविले होते. त्याच्या पाठीमागचा पंखा मामांनी स्वतःच काढून ठेवला होता. "रात्रभर भणभणतो आणि रस्त्यावरची सगळी तांबडी धूळ आत ओढतो," अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पंखा नसला तर यंत्र तापते. सदैव पूर्ण वेगाने फिरला तर त्याचा आवाज माईकमध्ये शिरतो व हीटसिंकच्या फटी धुळीने बुजतात. हवा होता तो जरुरीपुरता फिरणारा पंखा. तो मी कसा तयार केला, आणि त्यात काय चुकलो, ते या लेखात सांगणार आहे.

प्रथम पंख्याला तापमान 'कळावे' कसे? तांब्याची तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो, हे आपण शाळेत शिकतो. काही पदार्थांचे मात्र याच्या उलट असते. १८३३ साली मायकेल फॅरडे यांना असे आढळले की सिल्व्हर सल्फाइड तापविले असता त्यातून वीज अधिक सुलभतेने वाहते. याच गुणाचा उपयोग करून घेणारा वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान घटक म्हणजे एन.टी.सी. थर्मिस्टर. मी वापरलेल्या थर्मिस्टरचा रोध २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम असतो. ३० अंशांना तो सुमारे ८, ६० अंशांना सुमारे अडीच आणि ८० अंशांना जेमतेम सव्वा किलोओहम उरतो.

आता मंडलाची, म्हणजे आपल्या बोलीतल्या सर्किटची, जोडणी पाहू. लागणारे साहित्य असे: १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्यावर चालणारा संगणकातला छोटा पंखा, थर्मिस्टर, १० किलोओहमचा प्रिसेट आणि टीआयपी १२२ हा ट्रान्झिस्टर. थर्मिस्टरचे एक टोक अडॅप्टरच्या धन टोकाला व दुसरे प्रिसेटला जोडावे. प्रिसेटचे उरलेले टोक ऋण टोकाला न्यावे. थर्मिस्टर आणि प्रिसेट जेथे मिळतात, तो बिंदू ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडावा. कलेक्टर थेट धन टोकाला जातो. पंख्याची लाल तार एमिटरला आणि काळी तार ऋण टोकाला. झाले मंडल!

हे चालते कसे? १२ व्होल्टचा दाब थर्मिस्टर आणि प्रिसेट यांच्यात त्यांच्या रोधांच्या प्रमाणात वाटला जातो. थर्मिस्टर तापला की त्याचा वाटा घटतो आणि बेसवरचा दाब चढतो. एमिटर बेसच्या मागोमाग चालतो, फक्त सुमारे १.४ व्होल्ट खाली राहून. प्रिसेट पूर्ण १० किलोओहमवर ठेवला तर ३० अंशांना पंख्याला साधारण ५ व्होल्ट, ६० अंशांना ८ आणि ८० अंशांना ९ व्होल्ट मिळतात. पूर्ण १२ व्होल्ट कधीच मिळत नाहीत, हा या साधेपणाचा दंड समजावा. पण मंद पंख्याचा फायदा मोठा असतो. वेग निम्मा केला की हवा ढकलायला लागणारी शक्ती निम्मी नव्हे, एक अष्टमांशावर येते, आणि आवाजही तसाच खाली येतो.

दोन गोष्टी विसरू नयेत. या ट्रान्झिस्टरची धातूची पाठ आतून कलेक्टरला, म्हणजे येथे धन टोकाला, जोडलेली असते. ती यंत्राच्या पत्र्याला टेकली तर शॉर्ट होईल. मध्ये अभ्रकाची चकती घालावी. दुसरे असे की थर्मिस्टर हवेत लोंबकळत ठेवू नये. त्याच्या तारांवर नळी चढवून तो हीटसिंकला घट्ट चिकटवावा, कारण तापमान हवे आहे ते यंत्राचे, मांडवाचे नव्हे.

पहिल्या दोन जत्रा उत्तम पार पडल्या. तिसऱ्या जत्रेत पंखा थांबला! टेम्पोच्या धक्क्यांनी थर्मिस्टरच्या तारेचा डाग सुटला होता. तार तुटली म्हणजे रोध अनंत. आणि रोध फार वाढला म्हणजे यंत्र फार थंड आहे, असा मंडलाने अर्थ लावला. ज्या वेळी पंख्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वेळी तो निर्धास्तपणे बंद! मामांनी वेळीच पुठ्ठ्याने वारा घातला म्हणून निभावले. ते एकच वाक्य बोलले, "जुना पंखा भणभणायचा, पण दगा देत नव्हता."

ते वाक्य मला प्रयोगशाळेतल्या कित्येक तासिकांहून अधिक शिकवून गेले. मंडल नीट असताना काय करते, एवढेच मी पाहिले होते. ते बिघडल्यावर काय करील, हा विचारच केला नव्हता. उपाय मात्र अगदी स्वस्त निघाला. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये १०० ओहमचा, ५ वॅटचा एक रोधक जोडला. आता थर्मिस्टर तुटो की ट्रान्झिस्टर उघडा पडो, या रोधकातून पंख्याला ५ व्होल्टच्या आसपास मिळत राहतात आणि तो हळू का होईना फिरतो. आपला पंखा किती व्होल्टला सुरू होतो, हे मात्र आधी तपासून घ्यावे.

मित्र विचारतात, घरातल्या छताच्या पंख्याला हे जोडता येईल का? मुळीच नाही. तो २३० व्होल्टच्या ए.सी.वर चालतो, त्याचे मंडल वेगळे, आणि तेथे चूक जिवावर बेतू शकते. शिवाय आपल्या दमट हवेत नुसते तापमान मोजून भागत नाही. पंखा हवा थंड करीत नाही, घाम वाळवितो. म्हणून ३० अंशांतही पावसाळ्याआधी जीव कासावीस होतो. ॲम्प्लिफायरला घाम येत नाही, त्याला तापमान पुरते.

त्यानंतरच्या जत्रेत मी मुद्दाम थर्मिस्टरची तार काढून पाहिली. पंखा मंदावला, पण थांबला नाही. तार पुन्हा जोडली, आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत मांडवात आवाज होता. मामा आता दुसऱ्या ॲम्प्लिफायरसाठीही असाच पंखा मागत आहेत.