आजीचा चष्मा, गुलाब आणि जरीचा पदर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मायक्रॉनच्या हिशेबाने काम चालते. मापात केसाएवढा फरक पडला तरी नग परत येतो. अशा मुलखात मुद्दाम सदोष भिंग लावून छायाचित्रे काढायची, हे कुणालाही उफराटे वाटेल. पण हा दोषही मापात ठेवता येतो. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रुळण्यापूर्वी, मोतीबिंदू काढलेली माणसे जाड भिंगांचा चष्मा लावीत. आजी-आजोबांचा तसा चष्मा काही घरांत अजून डबीत पडून असेल. त्याचा नंबर साधारण अधिक १०. एका मीटरला दहाने भागले की १० सेंटीमीटर. हे त्या भिंगाचे नाभीय अंतर. भिंग पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवायचे, तो तुकडा किंचित मोठ्या पाइपमध्ये पुढेमागे सरकेल असा ठेवायचा आणि आतून काळा कागद लावायचा. लेन्स काढता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचे झाकण असते. त्याला मधोमध भोक पाडून नळी त्यावर पक्की करायची. मी हे भोक भोसरीतल्या एका टर्नरकडून लेथवर पाडून घेतले. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘साहेब, टॉलरन्स किती?’’

फूल भिंगापासून २० सेंटीमीटरवर ठेवायचे आणि भिंग सेन्सरपासून २० सेंटीमीटरवर येईल इतकी नळी ओढायची. फुलाची प्रतिमा मूळ आकाराएवढीच उमटते.

विकतच्या लेन्समध्ये अनेक भिंगे एकमेकांचे दोष सावरून घेतात. एकट्या भिंगाला तो आधार नाही. त्याच्या कडेवरून येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वाकतात आणि अलीकडेच एकत्र येतात. त्यामुळे मधल्या किरणांची रेखीव प्रतिमा आणि तिच्याभोवती कडेच्या किरणांचे तेजोवलय, अशा दोन गोष्टी एकावर एक पडतात. फोकस चुकल्यावर येणारा धूसरपणा तो हा नव्हे. मोबाइल मागची भिंत पुसट करतो, तेही वेगळे. ती नंतरची आकडेमोड असते.

वलय किती हवे ते काळ्या कागदाच्या चकतीवर ठरते. चकतीला २५ मिलिमीटरचे भोक ठेवले तर सगळे चित्र उजळून पाझरते. १२.५ मिलिमीटरचे ठेवले तर प्रकाश चौथा हिस्सा उरतो आणि वलय बरेच आवरते. गुलाबासाठी मला १८ पसंत आहे. त्याहून मोठ्या भोकाने पाकळीची कड विरघळते आणि गुलाबाचा कापूस होतो.

फुले आणि फॅशन यांची ही जोडी जुनी आहे. बॅरन अडॉल्फ द मेयर यांची फुलांची छायाचित्रे १९०८ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात आली आणि पुढे त्यांनी ‘व्होग’साठी उंची पोशाखांची छायाचित्रे काढली. दोन्हींसाठी त्यांची आवडती लेन्स होती बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथची. ही मंडळी मुळात चष्मेवालेच! भिंगातला दोष किती शिल्लक ठेवायचा, ते हाताने ठरवीत. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यापुढे आमची नळी म्हणजे पोरखेळ.

तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले गुलाब व्हॅलेंटाइन डेच्या आधी परदेशी जातात. तिथल्या पॉलिहाउसमध्ये मात्र हे भिंग फिके पडते. छताच्या प्लॅस्टिकमधून प्रकाश सगळीकडून सारखा येतो. वलयाला एखादा लखलखता बिंदू लागतो, तो तिथे सापडत नाही. फूल दाराशी तिरप्या उन्हात आणून त्यावर पाणी शिंपडले, की थेंब न् थेंब दिव्यासारखा पेटतो. एका बागवानाला ती चित्रे फार आवडली. पण पानांवरची भुरी कृषितज्ज्ञांना दाखवायची तर त्याने साधा मोबाइलच वापरावा, असे मी त्याला बजावले. वलयात भुरीचे पांढुरके डाग मिसळून जातात, आणि त्या चित्रावरून कुणी औषध सांगितले तर बागेचे काय होईल?

कापडाचेही तसेच. पैठणीच्या जरीवर ऊन आले, की पदर आतून उजळल्यासारखा दिसतो. हीच चित्रे आमच्या चिंचवडमध्ये आरी वर्कचे ब्लाऊज शिवणाऱ्या एका ताईंना दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘छान आहे हो, पण टाकेच दिसत नाहीत. मग गिऱ्हाइकाला पैसे कशाचे सांगू?’’ चार-चार दिवस वाकून घातलेले ते टाके. त्यांचे म्हणणे रास्त होते. मग एकाच ब्लाऊजची दोन छायाचित्रे काढली. पहिले १८ मिलिमीटरच्या चकतीने, मुलीने ब्लाऊज घालून खिडकीशी उभे राहायचे. दुसरे कॅमेऱ्याच्या मूळ लेन्सने, ब्लाऊज टेबलावर पसरून, बाजूला शिवणकामाची टेप ठेवून. ऑर्डर घेताना ताई आता दुसरे चित्र आधी पुढे करतात.

कुणाला हा खटाटोप करायचा असेल तर नळी सूर्याकडे रोखू नये. अशाच भिंगाने लहानपणी आपण कागद जाळले आहेत. आणि पाइप कापल्यावर आतला भुसा नीट झाडून घ्यावा, नाहीतर तो सेन्सरवर बसतो आणि प्रत्येक पाकळीवर तीळ उमटतो.