पुस्तक गावापर्यंत का पोचत नाही?

चौथीतलं मूल अडखळत का होईना वाचू लागतं. पुढं त्याच्या हाती काय पडतं, यावर बरंच अवलंबून असतं. गावात ग्रंथालय नसेल तर पाठ्यपुस्तक मिटलं की वाचन संपलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं जोडाक्षरं विसरतात आणि जूनमध्ये गुरुजींना पुन्हा मागून सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. त्याची घडणच अशी, की गावकऱ्यांनी आधी संस्था नोंदवायची, जागा आणि पुस्तकं जमवायची. मग सरकार अनुदान देणार. म्हणजे एखादा धडपड्या शिक्षक असेल तिथं वाचनालय उभं राहतं. पाड्या-तांड्यांवर, जिथं त्याची सर्वांत जास्त गरज, तिथं कुणी फिरकत नाही. गावं 40 हजारांवर, अनुदानित ग्रंथालयं 12 हजारांहूनही कमी, त्यातलीही कितीतरी शहरांत. 2012मध्ये सरकारनं ग्रंथालयांची पडताळणी केली, त्यानंतर नव्या ग्रंथालयांच्या मान्यता कित्येक वर्षं थांबल्या. कर्नाटक, तमिळनाडूसारखा ग्रंथालय उपकरही आपल्या कायद्यात नाही.

याचा सर्वांत मोठा फटका मुलींना बसतो. सरकारी भरतीची तयारी करणारा मुलगा तालुक्याला खोली घेतो, खासगी अभ्यासिकेत पैसे भरून खुर्ची मिळवतो. मुलीला मात्र घरी परतायला संध्याकाळची एसटी गाठावीच लागते. घरी दोन खोल्या, एकीत टीव्ही चालू, दुसरीत स्वयंपाक. तिला पुस्तकाइतकीच शांत जागा हवी असते. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणावं, तर घरातला एकुलता स्मार्टफोन दिवसभर वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात.

हे सगळं अटळ मुळीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या आणि पुढं बडोदा संस्थानचे महाराज झालेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. संस्थानातल्या खेड्यांत मोफत वाचनालयं निघाली. शिवाय लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. एक पेटी वाचून झाली की ती परत जायची, दुसरी यायची. संस्था नोंदली जाईपर्यंत पुस्तकं अडून बसत नव्हती.

अशी पेटी आजही तालुक्याहून दरमहा पाठवता येईल. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एखादी खोली, आणि ती रोज दुपारी तीन तास उघडी ठेवायला गावातलीच एखादी पदवीधर मुलगी, नीट मानधनावर. फक्त त्यासाठी अनुदानाच्या नियमांत तरतूद व्हायला हवी.