चित्रातील गाव

चित्र डोळ्यांनी दिसते; परंतु ते समजण्यास डोळ्यांबरोबर मनही जागे असावे लागते. धावत्या गाडीतून दिसणारे शेत आणि त्याच शेतात दिवसभर राबणाऱ्यास दिसणारे शेत, ही दोन्ही एकच असली तरी पाहण्यात फार अंतर असते. चित्राचेही तसेच आहे. ‘छान आहे’ एवढे म्हणून पुढे जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जो थांबतो, न्याहाळतो आणि स्वतःला चार प्रश्न विचारतो, त्यालाच चित्र आपले अंतरंग उघडून दाखवते.

शेतकरी जीवनावरचे असे एक हृदयस्पर्शी चित्र म्हणजे मकबूल फिदा हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूर येथे झाला. ते अगदी तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. बालपणाचा बराच काळ इंदूर येथे घालवून ते पुढे मुंबईस आले. पोटासाठी त्यांनी चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवले, मुलांसाठी खेळण्यांचे नमुने तयार केले. १९४७ साली मुंबईत काही तरुण चित्रकारांनी एक मंडळ स्थापन केले. स्वतंत्र भारताची चित्रकला स्वतःच्या पायांवर उभी राहावी, ही त्यांची आकांक्षा होती. त्या मंडळात हुसेनही सामील झाले. पुढच्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची प्राचीन शिल्पे आणि बसोली शैलीची लघुचित्रे पाहिली. शिल्पांतील भरदार, डौलदार देह आणि लघुचित्रांतील तेजस्वी रंग त्यांच्या मनात कायमचे ठसले. १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ रंगवताना हे सारे संचित त्यांच्या कामी आले.

हे चित्र सुमारे चौदा फूट लांब आणि सुमारे तीन फूट उंच आहे. त्याचे एकच एक दृश्य नाही. लहानमोठ्या तेरा चौकटी शेजारी शेजारी मांडून हे चित्र सिद्ध झाले आहे. कोठे दळण चालले आहे, कोठे गाईची धार काढली जात आहे, कोठे बैलगाडी निघाली आहे, तर कोठे आई लेकरात गुंतली आहे. पाहणाऱ्याची नजर एका चौकटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाते आणि अशा रीतीने ती गावभर हिंडून येते. म्हणूनच ‘ग्रामयात्रा’ हे नाव त्याला शोभते.

चित्रकाराने गावाचे असे तुकडे का केले असतील? गावचे जीवन हा एक प्रसंग नव्हे. लढाई किंवा राज्याभिषेक एका दृश्यात मावतो. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत शंभर ठिकाणी, शंभर हातांनी चाललेले काम एका दृश्यात मावत नाही. अनेक चित्रांतून कथा सांगण्याची ही रीत महाराष्ट्रास नवी नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. तेथून पुढे गोदाकाठी वसलेले जे पैठण, त्याच्या नावाने ‘पैठण शैली’ची जुनी चित्रे प्रसिद्ध आहेत. चित्रकथी मंडळी ती चित्रे घेऊन गावोगाव जात. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंगाचे चित्र श्रोत्यांपुढे धरीत आणि कथा गात गात पुढचे चित्र काढीत. त्या चित्रांतही ठसठशीत रेषा, मोठे डोळे आणि सपाट, भडक रंग दिसतात.

मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. चित्रकथीच्या चित्रांत राम आहे, अर्जुन आहे, रथ आणि धनुष्यबाण आहेत. ‘ग्रामयात्रे’त एकही राजा नाही, एकही योद्धा नाही. जेथे पूर्वी वीरपुरुष उभे राहत, तेथे येथे दळणारी बाई बसली आहे. तिचे नाव कोणालाही ठाऊक नाही. तरीही वीराच्या चित्राइतक्याच मानाने चित्रकाराने तिचे चित्र काढले आहे. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. हा देश कोणाच्या बळावर उभा आहे, या प्रश्नाचे हुसेन यांनी रंगांतून दिलेले हे उत्तर आहे.

आता रेषा पाहाव्यात. या चित्रातील माणसे छायाचित्रातल्यासारखी हुबेहूब नाहीत. नाकडोळे मोजकेच, शरीराची ठेवण सोपी आणि भोवती जाड, निश्चयी रेषा. हे चित्रकाराचे उणेपण नव्हे. चेहऱ्याचा बारकावा जितका अधिक, तितके ते एका विशिष्ट व्यक्तीचे चित्र होते. तो बारकावा गाळला, की तीच आकृती अनेकींची होऊन जाते. दळणाऱ्या बाईकडे पाहताना ही अमक्या गावची अमकी, असा प्रश्न मनात येत नाही. पाहणाऱ्यास आपलीच आजी आठवते. शिवाय, रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरूनही दिसावेत असे फलक ज्याने वर्षानुवर्षे रंगवले, त्याच्या हाताला थोडक्या रेषांत पुष्कळ सांगण्याची सवय जडली असल्यास नवल नाही.

रंगही असेच बोलके आहेत. तांबूस आणि पिवळ्या मातकट रंगांशेजारी हिरवे, निळे, लाल रंग ठळकपणे उठून दिसतात. गरिबीचे चित्र काळवंडलेलेच असावे, असा काहींचा समज असतो. परंतु खेड्यात रंगांची उणीव कधीच नव्हती. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते. लुगड्याचा रंग उन्हात झळाळतो. कष्ट आहेत म्हणून आनंद नाही, असे होत नाही. हुसेन यांनी कष्ट लपवले नाहीत आणि कष्टकऱ्यांस दीनवाणेही केले नाही. या चित्राची खरी थोरवी येथे आहे.

या चौकटींत स्त्रियांचे स्थान मोठे आहे. आईचा चेहरा ज्याला आठवत नव्हता, त्या चित्रकाराने आपल्या आयुष्यात आईची आणि राबणाऱ्या स्त्रीची असंख्य चित्रे काढली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या आकृतींकडे पाहताना मन हळवे होते. दळणे, कांडणे, धार काढणे, पाणी भरणे, लेकरे सांभाळणे या कामांची मजुरी कोणी मोजली नाही. सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते. पण शेती जिच्या हातांवर चालते, तिला या चित्राने आपल्या मध्यभागी आणले आहे.

एका चौकटीत एक शेतकरी एकटाच उभा आहे. याच ठिकाणी पाहणाऱ्याने सर्वांत अधिक वेळ थांबावे. त्याने आपला हात लांबवला आहे आणि तो हात चौकटीची सीमा ओलांडून शेजारच्या चौकटीत गेला आहे. त्या दुसऱ्या चौकटीत माणूस नाही; तेथे जमीन आहे. साऱ्या चित्रात चित्रकाराने चौकटी आखल्या आणि येथे स्वतःच आखलेली सीमा मोडली. असे का? रेषेने दोघांना वेगळे केले तरी शेतकरी आणि जमीन वेगळी होत नाहीत, हे सांगण्यास याहून सोपा आणि याहून परिणामकारक मार्ग नव्हता. तो हात जमिनीला आधार देत आहे, की तिचाच आधार घेत आहे? पाऊस दडी मारतो, तेव्हा शेतकरी जमिनीला जपतो. पीक हाती येते, तेव्हा जमीन शेतकऱ्याला जपते. दोन्ही अर्थ खरे आहेत. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, हुसेन यांनी ‘जमीन’ नावाचे आणखी एक लांबच लांब चित्र रंगवले. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला व ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेले.

‘ग्रामयात्रे’चे नशीब मात्र निराळे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले नॉर्वेचे डॉक्टर लिओन एलियास वोलोदार्स्की यांनी १९५४ सालीच ते घेतले. त्यांच्या पश्चात, १९६४ साली, ते ऑस्लो येथील विद्यापीठ रुग्णालयाकडे आले. भारतातले हे गाव अनेक दशके त्या थंड मुलखात, फारसे कोणाच्या दृष्टीस न पडता राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचा लिलाव झाला आणि त्यास सुमारे ११८ कोटी रुपये किंमत आली. तोवर कोणत्याही आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. त्या पैशाचा उपयोग नव्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठी करण्याचे ठरले.

त्या दिवशी जगभर चित्राचे नाव झाले. पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की लिलावाच्या आदल्या दिवशीही चित्र तेच होते. तीच रेषा, तोच रंग, तोच सीमा ओलांडणारा हात. किंमतीने चित्राची कीर्ती वाढते, गुण वाढत नाहीत. आणि चित्रातील जी बाई भल्या पहाटे दळायला बसली, तिला आयुष्यभराच्या दळणाचे किती मिळाले, हा प्रश्न त्या मोठ्या आकड्याशेजारी उभा राहतोच. चांगले चित्र अशा प्रश्नांपासून पाहणाऱ्याची सुटका करीत नाही.

हे चित्र वाचण्याची विद्या शहरातील मोठ्या रसिकांपाशीच असते, असेही मानू नये. जात्याची जागा आता गिरणीने घेतली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. चितेगावच्या परिसरात तर शेतांना लागूनच कारखाने उभे राहिले. परंतु कापूस वेचताना बोंडाच्या टोकाने बोटे कशी ओरबाडतात, पेरणीनंतर आभाळाकडे पाहताना घरात कशी शांतता पसरते, हे तेथल्या शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या दालनात चित्रापुढे उभ्या राहिलेल्या अनेकांना जे ग्रंथांतून जाणून घ्यावे लागले असेल, ते त्याच्या घरीच आहे. त्याने फक्त थांबून पाहण्याची सवय लावून घ्यावी. मग चित्रातील हात चौकटीबाहेर का गेला, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.